चौथा पीएसी घेण्याआधी आहे ती थंड हवा जाते कुठं ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. नागपुरातल्या सहकारी बँकेचं हेड ऑफिस, १४ रॅकची (सर्व्हर ठेवायच्या कपाटांची) सर्व्हर रूम, सात-सातच्या दोन रांगा, फॉल्स फ्लोअर आहे, म्हणजे उचललेली फरशी, खालून थंड हवा येते, यूपीएसच्या डिस्प्लेवर आउटपुट ३८ किलोवॅट. १० टनाचे ३ पीएसी, म्हणजे सर्व्हर रूमचे खास एसी, डीएक्स टाइप (कॉम्प्रेसर-गॅसवाले), तिन्ही २४ तास चालू, सेटपॉइंट (लावलेलं तापमान) १९. खोलीत गेलं की स्वेटर घालावा वाटतो, पण ९ नंबरच्या रॅकमधले वरचे सर्व्हर इनलेट (आत ओढलेल्या हवेचं तापमान) ३१ दाखवून अलार्म मारतात, म्हणून त्याच्यासमोर पेडेस्टल फॅन ठेवलाय. एसीवाल्याने चौथ्या पीएसीचं कोटेशन दिलंय, साहेब म्हणतात वीजबिल खाली आणा, आणि तुम्हाला विचारायचंय की चौथा घ्यावा का कंटेनमेंट करावं, म्हणजे थंड हवेची गल्ली बंदिस्त करावी, आणि एसीवाल्याला काय सांगावं.

मी पीएसीचा टेक्निशियन म्हणून सुरुवात केली, एएमसीच्या कॉलवर बॅग घेऊन फिरायचो, आता सोळा-सतरा वर्षं नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरची फॅसिलिटी बघतो. त्यामुळे एसीवाला असं का सांगतो तेही मला माहितीये. तो लबाड असेलच असं नाही, त्याला हॉटस्पॉटचा, म्हणजे एखादी जागाच तापल्याचा, कॉल आला, त्याच्या हातात विकायला एसी आहे, विषय संपला. पण तुमच्या आकड्यांवरून तरी मला चौथा एसीही नको वाटतो आणि कंटेनमेंटही लगेच नको वाटतं. मधे बरंच काम आहे आणि त्यातलं निम्मं फुकटात होतं.

आधी हिशेब करू. १० टन म्हणजे ३५ किलोवॅट, तीन मिळून १०५. तुमचा आयटी लोड, म्हणजे सर्व्हर-स्विच खातात ती वीज, ३८, त्यात ब्लोअरची (एसीच्या पंख्याची) स्वतःची उष्णता, लाइट, भिंतीतून येणारं ऊन, सगळं ढोबळ धरलं तरी ५० च्या आतबाहेर. म्हणजे आत्ताच दुप्पट कूलिंग आहे, नुसता आयटी लोड धरला तर २.८ पट. हे तुमच्याकडेच आहे असं समजू नका. अपटाइम इन्स्टिट्यूट या डेटा सेंटरवर काम करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी पूर्वी १९ कॉम्प्युटर रूम मोजल्या होत्या, तिथं गरजेच्या सरासरी २.६ पट कूलिंग चालू होतं आणि तरी दहातल्या एका रॅकला हॉटस्पॉट होता. थंडी भरपूर होती, ती सर्व्हरच्या तोंडापर्यंत पोचत नव्हती.

आता हवेचा हिशेब, कारण खरी गंमत तिथंच आहे. सर्व्हर हवा १२ डिग्रीने तापवून मागे टाकतो असं धरलं तर एका किलोवॅटला साधारण १४६ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. ३८ किलोवॅटला झाली साडेपाच हजार. आणि १० टनाचा एक पीएसी साधारण ५ ते ६ हजार सीएफएम फेकतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा डेटाशीटमध्ये मिळेल. म्हणजे सर्व्हरना जेवढी हवा लागते तेवढी एकच मशीन देतंय आणि तुम्ही तीन चालवताय! उरलेली दहा-अकरा हजार सीएफएम थंड हवा कुठल्याही सर्व्हरच्या पोटातून न जाता, फिरून परत एसीच्या डोक्यावर येते. खात्री करायचीय? पीएसीच्या डिस्प्लेवर रिटर्न (एसीत परत येणारी हवा) बघा, ते १९ च्या आसपास असणार, आणि सप्लायला (एसीतून बाहेर पडणाऱ्या हवेला) थर्मामीटर लावा, १४-१५ येईल. फरक जेमतेम चार-पाच डिग्री. सर्व्हर हवा १२ डिग्रीने तापवतोय आणि एसीला परत मिळणारी हवा पाचच डिग्रीने गरम, याचा अर्थ मधे कुठंतरी थंड हवा भरपूर मिसळतेय.

नागपूरकराला हे समजवायला सोपं आहे. खिडकीत कूलर लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली तर काय होतं, कूलर कितीही मोठा आणा, घर दमट होतं, गार होत नाही. हवेला आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते, आणि ती वाट माणसावरून गेली पाहिजे. सर्व्हर रूममध्ये फरक इतकाच की तिथं हवेला आडवाटा फार असतात आणि हवा कायम सोप्या वाटेने जाते.

आणि तुमच्या फोटोत मला जे दिसलं ते सांगतो. दोन्ही रांगांची तोंडं दाराकडे आहेत, शाळेतल्या बाकांसारखी. म्हणजे पहिल्या रांगेची सगळी गरम हवा दुसऱ्या रांगेच्या तोंडावर, आणि ९ नंबर दुसऱ्या रांगेत आहे. तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, म्हणजे कोल्ड आइल-हॉट आइल (थंड गल्ली-गरम गल्ली), ही मांडणी आयबीएमच्या रॉबर्ट सुलिवन यांनी नव्वदच्या दशकात मांडली, तरी अजून बाकांसारख्या रांगा लागतात कारण दारातून बघितलं की छान दिसतं, साहेब व्हिजिटला आले की सगळीकडे निळे दिवे. असो.

काम सुरू करण्याआधी दोन दिवस फक्त मोजा. कशालाही हात लावू नका. प्रत्येक रॅकच्या पुढच्या दाराला आतून तीन ठिकाणी, खाली, मधे, वर, साधे डिजिटल थर्मामीटर चिकटवा, एवढे नसतील तर चार-पाच घेऊन फिरवत रहा. सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवरून इनलेट टेम्परेचर मिळतंच, ते पण लिहून ठेवा. खाली १७ आणि वर ३१ असं दिसलं तर समजायचं की वरचा सर्व्हर स्वतःची किंवा शेजाऱ्याची वापरलेली हवा परत पितोय. एसीच्या पॅनलला आणि यूपीएसच्या इनपुटला वेगळे मीटर नसतील तर ते मात्र आधी बसवून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी साहेबांना दाखवायला काही नसेल.

हवा कुठं जाते बघायला टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी काडीला चिकटवा आणि फिरा. उदबत्ती लावू नका. मी लावली होती, सुरुवातीच्या काळात, रबाळ्याच्या एका साइटवर, मोठ्या हुशारीने टाइलवर धरून धूर कुठं जातो बघत होतो आणि छताच्या पाइपातून हवा ओढून धूर शोधणारी सिस्टीम होती तिने दीड मिनिटात अलार्म दिला, आग विझवायचा गॅस सुटायचा काउंटडाउन सुरू होता होता सिक्युरिटीवाल्याने अबॉर्टचं बटण दाबलं. तेव्हापासून टिश्यू.

ही पट्टी घेऊन पीएसीच्या अगदी समोरच्या जाळीच्या टाइलवर जा. पुष्कळदा तिथं पट्टी वर उडत नाही, खाली ओढली जाते. पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. एसीतून हवा फरशीखाली इतक्या जोरात सुटते की तिथला दाब उलट कमी होतो आणि खोलीतली हवा खाली ओढली जाते. म्हणून एसीपासून पहिल्या दोन-तीन टाइल जाळीच्या ठेवायच्या नाहीत. आणि लोक नेमकं तेच करतात, कारण वाटतं की एसीजवळ जास्त गार मिळेल.

आता बुजवायचं काम. मी नेहमी फरशीपासून सुरू करतो, रॅकपासून नाही, कारण फरशीखालचा दाबच गळत असेल तर वर काहीही करून उपयोग नाही. रॅकच्या मागच्या बाजूला, केबल वर येतात त्या टाइल उचलून बघा. कापलेलं भोक हात आत जाईल एवढं असतं आणि त्यात केबल चारच. त्यातून वर येणारी थंड हवा थेट हॉट आइलमध्ये जाते, म्हणजे पैसे देऊन केलेली थंडी सर्व्हरच्या पाठीवर. ब्रशवाले ग्रोमेट, म्हणजे भोकावर बसणाऱ्या चौकटी, मिळतात, केबलभोवती दात घट्ट बसतात, ते लावा. बजेट नसेल तर फायर रिटार्डंट फोम किंवा फायर पिलो चालतात, थर्माकोल आणि पुठ्ठा नाही. खोलीच्या चारही कडांना फरशी आणि भिंत यांच्यामधली फट बघा, पीडीयूच्या (वीज वाटणाऱ्या युनिटच्या) खाली बघा, आणि फरशीखाली टॉर्च मारून शेजारच्या खोलीत जाणारी केबलची भोकं बघा. एका ठिकाणी आम्ही फरशीखालून भिंतीतलं भोक बुजवलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या अकाउंट्स डिपार्टमेंटमधून तक्रार आली की आमचा एसी बंद केला का. त्यांना एसी नव्हताच हो, आमचीच हवा खात होते.

जाळीच्या टाइल फक्त रॅकच्या तोंडासमोर. हॉट आइलमध्ये, कोपऱ्यात, तुमच्या टेबलाजवळ असलेल्या सगळ्या काढून साध्या टाका. टेबलाजवळची काढताना भांडण होतं, उन्हाळ्यात तर होतंच, पण काढा. आणि फरशी किती उंच आहे, खाली जुन्या केबलचा किती गुंता आहे हे पण बघा. फूटभर उंच फरशीत जुन्या केबलची गादी अंथरलेली असेल तर हवा पलीकडच्या टोकाला पोचणारच नाही. कुठे न जाणारी मेलेली केबल काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि नेटवर्कवाला कधीच हो म्हणत नाही, तरी प्रत्येक रविवारी थोडी थोडी काढा.

मग रॅक. रिकाम्या यू वर, म्हणजे रॅकच्या रिकाम्या खणावर, ब्लँकिंग पॅनल (साधं झाकण) लावा, प्रत्येक रिकाम्या यू वर, एकही सोडू नका. हे लोकांना किरकोळ वाटतं. पण सर्व्हरचा पंखा पुढे ओढतो आणि मागे ढकलतो, म्हणजे मागे दाब जास्त आणि पुढे कमी, आणि मधे १ यू म्हणजे साडेचार सेंटिमीटरची उघडी फट, मग गरम हवा तिथून पुढे येणारच. प्लास्टिकचे चिमटीने बसणारे पॅनल घ्या, स्क्रूवाले घेतले तर पहिल्या मेंटेनन्सनंतर परत कोणी लावत नाही, ड्रॉवरमध्ये पडून राहतात. रॅकच्या उभ्या रेल आणि बाजूच्या पत्र्यामधे पण फट असते, विशेषतः ८०० मिमी रुंद रॅकमध्ये, ती विसरू नका. समोरचं दार काचेचं असेल तर जाळीचं करा किंवा काढून ठेवा, काचेतून हवा जात नाही.

९ नंबरमध्ये वर नेटवर्क स्विच आहे का? फोटोत दिसतोय. तो कुठल्या बाजूने श्वास घेतो ते आवर्जून तपासा. स्विच दोन प्रकारचे येतात, पोर्टच्या बाजूने हवा घेणारे आणि पोर्टच्या बाजूने हवा सोडणारे, काही कंपन्या पंख्याच्या हँडलला वेगळा रंग देतात त्यावरून कळतं. पोर्ट मागे ठेवून स्विच बसवला आणि पंखे पोर्टच्या बाजूने ओढणारे निघाले तर तो हॉट आइलची हवा ओढून पुढे, सर्व्हरच्या तोंडावर सोडतो. उन्हाळ्यात विहिरीतून बादलीने पाणी ओढावं आणि वर मोटार लावून परत विहिरीत सोडावं तसला प्रकार. आणि जुने मोठे चॅसिसवाले काही स्विच आडवे श्वास घेतात, डावीकडून उजवीकडे, त्यांना बाजूने पत्र्याचं डक्ट लागतं. कित्येक हॉटस्पॉट मी नुसते स्विचचे पंखे बदलून घालवलेत.

बाकांसारख्या रांगांचं काय करायचं. हा मोठा भाग आहे आणि तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. फिरवायचीच तर पहिली रांग फिरवा, दुसरी नको. पहिलीचं तोंड आतल्या बाजूला केलं की दोन्ही रांगांची तोंडं समोरासमोर येतात आणि दुसऱ्या रांगेसमोर जाळीच्या टाइल आधीच आहेत, म्हणजे तीच मधली गल्ली कोल्ड आइल होते. पण त्यासाठी सात रॅकचा डाउनटाइम लागतो, फरशीखालच्या पॉवर केबल दुसऱ्या बाजूला पुरतात का ते आधी टेप लावून मोजावं लागतं. बँक असल्यामुळे तुम्हाला एक सोय आहे, डीआर ड्रिल, म्हणजे आपत्तीसाठी ठेवलेल्या पर्यायी साइटवरून काम चालवून बघण्याचा सराव. ड्रिलच्या दिवशी सगळं डीआर साइटवरून चालणार असतं, ते दिवस आयटीवाल्यांशी बोलून थोडे वाढवून घ्या आणि त्यात एका वेळी दोन-तीन रॅक फिरवा. वर्षभर लागला तरी चालेल. हे जमणारच नसेल तर पहिल्या रांगेच्या पाठीला वर चिमणी लावून गरम हवा फॉल्स सीलिंगमध्ये सोडायची आणि पीएसीचा रिटर्न डक्टने सीलिंगला जोडायचा, पण सीलिंगच्या वर उंची आहे का, बीम आडवे येतात का, हे जागेवर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

रांगा समोरासमोर आल्या की मग कंटेनमेंट. आणि त्याला लाखो रुपयांचे काचेचे सरकते दरवाजे लागत नाहीत. कोल्ड स्टोरेजच्या दाराला असतात तसे प्लास्टिकचे पट्टे गल्लीच्या दोन्ही टोकांना लावा, रॅकच्या वरून छतापर्यंत शीट लावा, झालं. गूगलने स्वतःच्या एका छोट्या नेटवर्क रूममध्ये असंच केलं होतं, पडदे, एसीच्या रिटर्नला उंचवटा आणि एक नवा कंट्रोलर, खर्च २५ हजार डॉलर आणि वर्षाला ६७ हजार डॉलर वीज वाचली असं त्यांनीच प्रसिद्ध केलंय. फक्त फायरवाल्याला विचारल्याशिवाय एकही पडदा लावू नका. तुमच्याकडे गॅस सप्रेशन असणार, पडद्याने गॅस अडला किंवा डिटेक्टर गल्लीच्या बाहेर राहिला तर आग लागल्यावर सिस्टीम असून नसल्यासारखी. मटेरियल फायर रेटेड घ्या आणि तसं सर्टिफिकेट फाइलला लावा, ऑडिटवाला विचारतो.

आता इथं थांबून एक गोष्ट नीट ऐका, कारण पुष्कळ लोक इथपर्यंत येतात आणि मग म्हणतात की एवढं करूनही बिल तेवढंच. बरोबर आहे, तेवढंच येणार. भोकं बुजवून एक युनिटही वाचत नाही. भोकं बुजवली, पॅनल लावले, पडदे लावले, आणि तिन्ही ब्लोअर तसेच पूर्ण जोरात, सेटपॉइंट तसाच १९, मग मीटरला काय फरक पडणार? बुजवल्यामुळे फक्त तुम्हाला मशीन कमी करायची मुभा मिळते. वीज वाचते ती नंतर, कंट्रोल पॅनलवर हात ठेवल्यावर.

ते पॅनलवरचं काम दोन प्रकारचं, हवा कमी करणं आणि तापमान वाढवणं. आधी हवा.

पंख्याचा नियम असा की वेग निम्मा केला तर वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. घनाच्या प्रमाणात. ६० टक्के वेगावर साधारण २२ टक्के वीज. म्हणून तुमच्या पीएसीला ईसी फॅन (वेग बदलता येणारा पंखा) किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) असेल तर एक मशीन बंद करण्यापेक्षा तिन्ही हळू चालवणं फायद्याचं. धरा एका ब्लोअरला २.८ किलोवॅट, तिन्हींचे ८.४. तिन्ही ६० टक्क्यांवर आणले तर १.८. ब्लोअरमध्ये साडेसहा वाचले, शिवाय ती उष्णता काढायला लागणारी कॉम्प्रेसरची वीज वाचली ती दोन-सव्वादोन, म्हणजे पावणेनऊच्या आसपास किलोवॅट, वर्षाचे ८,७६० तास, झाली ७७ हजार युनिट. तुमच्या बिलातला दर लावून बघा. आणि हवा तरी पण ९-१० हजार सीएफएम मिळतेय, गरज साडेपाच हजारची.

पण डीएक्स मशीनला बाहेरून विकत आणलेला व्हीएफडी स्वतः लावू नका. कॉइलवरून हवा कमी झाली आणि कॉम्प्रेसर फिक्स्ड स्पीड असला तर सक्शन प्रेशर पडतं, कॉइलवर बर्फ धरतो आणि मशीन लो प्रेशरवर ट्रिप मारतं, रात्री तीन वाजता, नेहमी रात्री तीन वाजताच. कंपनीला लेखी विचारा की कमीत कमी किती टक्के वेग चालेल. चिल्ड वॉटर, म्हणजे कॉइलमध्ये गॅसऐवजी थंड पाणी फिरणारं मशीन, असतं तर एवढी भीती नव्हती.

तुमची मशीन जुनी, बेल्ट आणि साध्या मोटरची असतील, तर मग सरळ एक बंद करून स्टँडबायला टाका, दोन चालू. २.८ ब्लोअरचे आणि ०.९ कॉम्प्रेसरचे असे ३.७ किलोवॅट, वर्षाला ३२ हजार युनिट, खर्च शून्य. दोन मशीन म्हणजे ७० किलोवॅट, एक पडलं तर तिसरं आपोआप सुरू होईल असं सिक्वेन्सिंग लावून घ्या आणि आठवड्याला पाळी बदला. मात्र बंद मशीनच्या खाली बॅकड्राफ्ट डँपर, म्हणजे हवा उलटी येऊ न देणारी झडप, आहे का बघा. नसेल तर फरशीखालची थंड हवा त्या बंद मशीनमधून उलटी वर येते. टिश्यूची पट्टी बंद मशीनच्या वर धरली की लगेच कळतं. एका साइटवर आमच्या शिफ्टवाल्याने वाचवलेली सगळी वीज अशी उलट्या वाटेने निघून जात होती, शेवटी फिल्टरवर जाड शीट टाकून तात्पुरतं भागवलं, पण मग मशीन आपोआप सुरू झालं तर शीट अडकणार, म्हणून ते दोन दिवसांत काढून डँपर लावला.

आता तापमान. तुमचा १९ हा आकडा कुठला आहे हे आधी समजून घ्या. जुन्या पीएसीमध्ये सेटपॉइंट हा रिटर्नचा असतो, म्हणजे एसीच्या डोक्यावर परत येणाऱ्या गरम हवेचा. लोकांना वाटतं आपण सर्व्हरला १९ देतोय. आत्ता हवा मिसळतेय म्हणून फरक पाचचा आणि सप्लाय १४-१५. पण तुम्ही हवा कमी केलीत की फरक सातच्या घरात जाणार, आणि सेटपॉइंट १९ च ठेवला तर सप्लाय १२ वर जाईल, कॉइलवरून पाणी गळायला लागेल, बर्फाची भीती वाढेल. म्हणून हवा कमी करताना सेटपॉइंट सोबत वाढवायचाच. कंट्रोलरमध्ये सप्लाय कंट्रोलचा पर्याय असेल तर तो लावा, सगळ्यात बरं. नसेल तर रिटर्न २५ करा, सप्लाय १८ च्या आसपास येईल, मग पुढे.

अॅशरे ही एसी-कूलिंगवाल्या इंजिनिअरांची अमेरिकन संस्था म्हणते सर्व्हरच्या इनलेटला १८ ते २७ मधे ठेवा, हे आजचं नाही, २००८ पासूनचं आहे. इनलेटला, खोलीला नाही आणि हॉट आइलला तर नाहीच. हॉट आइल ३६-३७ ला गेली की लोक घाबरून सेटपॉइंट खाली करतात. ती गरमच असायला हवी, तिचं कामच ते. मी सगळ्यात गरम इनलेट २४-२५ ला आणून थांबतो. सप्लाय १८ झाल्यावर पुढे आठवड्याला एक डिग्री वाढवायची, एकदम पाच नाही, आणि प्रत्येक वेळी वरच्या यू ची नोंद. एका डिग्रीमागे कॉम्प्रेसरची दोन ते चार टक्के वीज वाचते असा आमच्याकडचा ढोबळ अनुभव आहे.

२७ पर्यंत का जात नाही? कारण २५ च्या पुढे कुठंतरी सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरायला लागतात, तो घनाचा नियम त्यांनाही आहे. मग एसीची वीज कमी होते, सर्व्हरची वाढते, आणि गंमत म्हणजे पीयूई अजून चांगला दिसतो, कारण पीयूई म्हणजे एकूण वीज भागिले आयटीची वीज आणि सर्व्हरचे पंखे आयटीत मोजले जातात. कागदावर शाबासकी, बिल जास्त. म्हणून एकूण मीटर बघा, नुसता पीयूई नको. तुमचे सर्व्हर नवे का जुने, कुठल्या मॉडेलचे, यावर हा आकडा हलतो, म्हणून यूपीएसचं आउटपुट बघत बघत वाढवा, ते चढायला लागलं की एक पाऊल मागे या.

यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच खोलीत आहेत का? असतील तर त्यांना वेगळं करा किंवा त्यांच्याकडे थंड हवा आधी जाईल असं बघा. लेड अॅसिड बॅटरीला २५ लागतं, दहा डिग्री वाढली की आयुष्य निम्मं. वीज वाचवली आणि बॅटरी बँक दोन वर्षं आधी बदलली तर काय मिळवलं. टेप लायब्ररी असेल तर तिलाही तापमान झपझप बदललेलं चालत नाही.

दमटपणाचं एक सांगतो मग गच्चीवर जातो. तिन्ही मशीनच्या डिस्प्लेवर आत्ता जाऊन बघा, एक ह्युमिडिफाय करतंय आणि दुसरं डीह्युमिडिफाय, असं आहे का? मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, एका मशीनच्या सिलिंडरमध्ये पाणी खळखळ उकळतंय आणि शेजारच्या मशीनच्या ट्रेमधून तेच पाणी टपटप ड्रेनला चाललंय. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते, आणि ते परत थंड करून काढायला वेगळी. सेन्सर वेगवेगळं दाखवतात म्हणून मशीन एकमेकांशी भांडतात. सेन्सर कॅलिब्रेट करा, तिन्हींचं सेटिंग सारखं करा, रेंज रुंद ठेवा. ५० टक्के अधिक-उणे ५ असलं सेटिंग जुन्या काळातलं आहे, एवढं काटेकोर आता लागत नाही. कॉइल कमी थंड झाली की पाणी काढणंही आपोआप कमी होतं.

आणि गच्ची. एअरफ्लो म्हटलं की सगळे आत बघतात. मे महिन्यात नागपूर ४५ च्या पुढे जातं, त्यात कंडेन्सर सिमेंटच्या गच्चीवर, वर पत्र्याची शेड, तिन्ही एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकतायत, मग त्यांच्या दृष्टीने बाहेर ४५ नाही, ५२-५३ असतं. हाय प्रेशरवर ट्रिप तिथून येतं. एप्रिल सुरू होण्याआधी कॉइल आतून बाहेर पाणी मारून धुवा, बाहेरून मारलं तर धूळ अजून आत जाते. शेड पंख्याच्या वर असेल तर काढा, गरम हवा पत्र्याला आपटून परत खाली येते. सावली हवीच असेल तर उंचावर, बाजूने मोकळी. कॉइलवर नळाचं पाणी सतत मारत बसू नका, क्षार चढून दोन उन्हाळ्यांत फिन्स पांढऱ्या होतात.

एसीवाल्याला काय सांगायचं विचारलंत. चौथ्याचं कोटेशन बाजूला ठेवा आणि त्याच पैशांतल्या थोड्या भागात ग्रोमेट, पॅनल, तीन डँपर, सिक्वेन्सिंग आणि मीटर असं कोटेशन मागा. चांगला माणूस असेल तर देईल. एक अट घाला, काम झाल्यावर ९ नंबरचा वरचा इनलेट २७ च्या खाली हवा, तिन्ही नव्हे तर दोन मशीनवर. त्याने नाही म्हटलं तर कारण लिहून मागा, ते कारण इथं टाका, बघू.

पेडेस्टल फॅन मात्र आज लगेच काढू नका. मला तो आवडत नाही, तो थंड आणि गरम हवा घुसळून सगळं मोजमाप बिघडवतो, पण आत्ता तोच ९ नंबरला वाचवतोय. फरशी बुजली, पॅनल लागले, स्विचचे पंखे तपासले की एका रविवारी दुपारी तो बंद करा आणि समोर खुर्ची टाकून दोन तास वरचा आकडा बघत बसा. २५ च्या खाली राहिला तर आठवडाभर बंद ठेवा, तरीही राहिला तर खाली गेटवरच्या वॉचमनला देऊन टाका, त्याच्या केबिनमध्ये मे महिन्यात त्याला जास्त गरज आहे.